शेडमधली प्लायमाउथ विकायला काढताना

मांजरीत सध्या जुन्या शेड रिकाम्या होताहेत. द्राक्षबागा आणि ऊस होता तिथे प्लॉट पडले, २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं, आणि बिल्डरशी करार झाला की पहिली अट असते ती जागा मोकळी करून देण्याची. मग फवारणीचे पंप, क्रेट, मोडकी धान्याची कोठी बाहेर येते आणि मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली आजोबांची ती भलीमोठी अमेरिकन गाडी दिसते. घरात लगेच दोन मतं पडतात. एक म्हणतं, भंगारवाल्याला बोलवा. दुसरं म्हणतं, डेंटिंग-पेंटिंग करून, क्रोम चढवून घेऊ, मग चांगले पैसे येतील. पहिलं मत चुकीचं आहे हे आता बहुतेकांना कळतं. दुसऱ्याने होणारं नुकसान मात्र कळत नाही, कारण ते हौसेने आणि पदरचे पैसे घालून केलेलं असतं.

अशा गाडीची किंमत दोन गोष्टींवर ठरते: तिचे कागद किती आहेत आणि तिचं मूळपण किती टिकलं आहे. रंग उडालेला, सीटचं कापड विरलेलं, पण सगळं कारखान्यातून आलं तसं, अशी गाडी जाणकार गिऱ्हाईक हात लावून लावून बघतो. चकचकीत लाल रंग मारलेली गाडी बघताना तोच माणूस मनात हिशेब करत असतो, की या रंगाखाली काय काय लपलंय आणि ते काढायला किती खर्च येईल. म्हणून विकायचं ठरलं असेल तर गॅरेजवाल्याला सध्या बोलवू नका. धूळसुद्धा कोरड्या मऊ कपड्याने तेवढी झटका. पाण्याचा फवारा मारून धुवायला गेलात तर दारांच्या तळातला गंज ओला होऊन फुगतो आणि सुटलेला मूळ रंग पापुद्र्यासारखा निघून येतो.

आधी गाडी कोणती ते नक्की करा. आपल्याकडच्या १९४० आणि १९५० च्या दशकांतल्या बऱ्याच अमेरिकन गाड्या बोटीतून तयार उतरलेल्या नाहीत. त्या मुंबईतच जोडलेल्या आहेत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला. शेवरलेटचे सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि गाडी इथे उभी राहायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या घराण्यातल्या गाड्या निघू लागल्या: डॉज, प्लायमाउथ, डीसोटो. पुढे सरकारने धोरण घेतलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम दाखवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, फियाटकडे वळली, आणि मोठ्या गाड्या मागे पडल्या. त्यामुळे शिवडीची शेवरलेट असो की कुर्ल्याची प्लायमाउथ, तिला मुंबईच्या उद्योगाचा इतिहास चिकटलेला आहे. जाहिरातीत नुसतं ‘इम्पोर्टेड’ असं ठोकून देण्यापेक्षा हे खरं वर्णन जास्त उपयोगी पडतं.

कुर्ल्याच्या गाड्यांत एक गंमत आहे. डॉज किंग्जवे, डीसोटो डिप्लोमॅट आणि प्लायमाउथ यांचं अंग जवळजवळ एकच. जाळी, बिल्ले आणि शोभेच्या पट्ट्या वेगळ्या. सत्तर वर्षांत कुणी ना कुणी एकीचा बिल्ला दुसरीला लावलेला असतो. तेव्हा बॉनेटवरच्या नावावर जाऊ नका, इंजिनाचा क्रमांक बघा. प्लायमाउथच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर तो ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढच्या टोकाशी, हेडच्या जरा खाली एका सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. तेलकट मळ साचलेला असेल तर केरोसीनच्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका, कारण घासलेला क्रमांक म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात संशय. सुरुवातीचं अक्षर आणि आकडा वर्ष सांगतो: पी १५ असेल तर १९४६ ते ४८, पी १८ म्हणजे १९४९, पी २० म्हणजे १९५०, पी २३ म्हणजे १९५१-५२, पी २४ म्हणजे १९५३ आणि पी २५ म्हणजे १९५४. डॉज आणि डीसोटोची मालिका वेगळी. जमलं तर हेडची लांबीही टेपने मोजा. अमेरिकेतल्या प्लायमाउथ-डॉजचं हेड साधारण २३ इंच भरतं, कॅनडात ओतलेल्या ब्लॉकचं २५ इंच. पुढच्या मालकाला हेड गॅस्केट मागवताना हाच आकडा लागणार आहे. तो तुम्ही आधीच लिहून ठेवलात तर समोरच्याला कळतं की हे लोक गाडी ओळखून आहेत.

आता कागद. इथे घाई करू नका. कपाटं, ट्रंका, देवघराच्या वरचा माळा, सगळं उघडा. सगळ्यात आधी आरसी बुक हवं, ते जुनं, कापडी पाठीचं, ज्यात प्रत्येक मालकाची नोंद हाताने केलेली आणि शिक्का मारलेला असतो. पहिला क्रमांक ‘बीएम’ने सुरू होत असेल तर गाडी मुंबई राज्याच्या काळातली. ‘एमएच-१२’ ही पद्धत १९८९ नंतरची. जुन्या गाडीला असा क्रमांक असेल तर मधे पुन्हा नोंदणी झाली आहे आणि ती का झाली त्याचा कागद शोधावा लागेल. आरसीवरचा चेसी आणि इंजिनाचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर जुळवून बघा. जुन्या कारकुनांनी एकाचा सात आणि तीनाचा आठ केलेला असतो, आणि ती चूक आज निस्तरणं विक्रीच्या दिवशी निस्तरण्यापेक्षा सोपं.

आरसी हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मागता येते. पण एवढी जुनी गाडी परिवहन विभागाच्या संगणकात बहुधा नसतेच. संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घ्यावी लागते आणि त्यासाठी जुना कागद दाखवावा लागतो. म्हणून फाटकं आरसीसुद्धा लॅमिनेट करू नका; पारदर्शक पिशवीत ठेवा.

गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा नसतील, तर विक्रीआधी वारसाच्या नावावर करून घेणं भाग आहे. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. हा टप्पा बहुतेक घरांत अडतो. जमिनीच्या हिशेबावरून बोलणं बंद असलेला चुलतभाऊ गाडीच्या कागदावर सही कशाला करील? त्याला आधी भेटा. किंमत ठरल्यावर भेटलात तर सहीचाही भाव ठरतो.

याखेरीज जे जे सापडेल ते ठेवा. कुर्ल्याचं किंवा डीलरचं बिल, कर भरल्याच्या पावत्या, काचेवरचं गोल टॅक्स टोकन, विम्याच्या पॉलिसी, पेट्रोलपंपाच्या उधारीची वही, नाना पेठेतून आणलेल्या पार्टांच्या पावत्या. लग्नाच्या अल्बममधला एखादा फोटो, ज्यात नवरानवरी गाडीत बसताहेत आणि मागे नंबरप्लेट स्पष्ट दिसते, तो तर पॉलिसीइतकाच मोलाचा आहे. गाडी अमुक साली, अमुक रंगात, तुमच्याच घरी होती, याचा तो पुरावा. फोटोच्या पाठीमागे कुणाचं लग्न, कुठलं साल, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पेन्सिलने लिहा. ते सांगू शकताहेत तोवर.

या कागदांचा आयकराशीही संबंध आहे, आणि ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. स्वतःच्या वापरातली मोटार ही वैयक्तिक चीजवस्तू मानली जाते, त्यामुळे ती विकून झालेल्या नफ्यावर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका प्रकरणात वेगळा निकाल दिला. १९३१ ची एक फोर्ड टूरर १९८३ मध्ये २० हजारांना घेतलेली होती आणि पुढे २१ लाखांना विकली गेली. मालक ती खरोखर स्वतः वापरत होता हे दाखवणारा पुरावा नव्हता. गाडी वापरता येण्याजोगी होती एवढं पुरेसं नाही, प्रत्यक्ष वापर दाखवा, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं आणि नफा करपात्र ठरला. म्हणजे पंपाच्या पावत्या, दुरुस्तीची बिलं आणि तो लग्नाचा फोटो तुमच्याच खिशाचं रक्षण करतात. रक्कम मोठी असेल तर व्यवहाराआधी सनदी लेखापालाला विचारा.

‘व्हिंटेज’ नोंदणीबद्दलही बरेच गैरसमज आहेत. केंद्राने २०२१ मध्ये नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चेसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज धरली जाते. नवीन नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती असल्या कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. सिनेमावाल्यांना भाड्याने देऊ असा बेत असेल तर तो इथेच थांबतो. माझ्या मते विकणाऱ्याने या नोंदणीच्या भानगडीत पडू नये. घेणाऱ्याला गाडी रविवारी लोणावळ्याला न्यायची आहे की नुसती प्रदर्शनात उभी करायची आहे, त्यावर तो ठरवील. साधी नोंदणी चालू ठेवायची तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आलं, आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी हे शुल्क २०२५ मध्ये बरंच वाढलं: साध्या मोटारीला १० हजार, आयात केलेल्या चारचाकीला ८० हजार. गाडी कुर्ल्याची की आयात, हे आरसीत काय लिहिलंय ते बघायचं आणखी एक कारण.

आता मूळपण. एक साधं लोहचुंबक घ्या, पातळ सुती कापडात गुंडाळा आणि गाडीच्या खालच्या भागावरून हळूहळू फिरवा: दारांचा तळ, मागच्या मडगार्डची कड, हेडलाइटच्या भोवतीचा भाग, डिकीचा तळ. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्यावर लांबी भरलेली आहे. सापडलं म्हणून हिरमुसायला नको. सत्तर वर्षांच्या गाडीला कुठेतरी लांबी असणारच. त्या जागेचा फोटो काढा आणि यादीत लिहा. दाराच्या बिजागरीजवळच्या खांबावर, डॅशबोर्डच्या खाली आणि डिकीच्या झाकणाच्या आत मूळ रंग बहुधा शाबूत सापडतो. आतला रंग बाहेरच्याशी जुळत असेल तर उत्तम.

इंजिन डिझेल असेल तर ते लपवू नका. पेट्रोल महाग झाल्यावर या मोठ्या गाड्यांत पर्किन्स किंवा मॅटाडोरचं इंजिन बसवण्याची लाटच आली होती, आणि त्या काळात तो शहाणपणाचाच निर्णय होता. पण व्हिंटेज नोंदणीत तो आडवा येऊ शकतो, आणि किंमत उतरतेच. मात्र जुनं पेट्रोल इंजिन बदलताना कुणी ते शेडच्या कोपऱ्यात, खताच्या गोणींमागे टाकून ठेवलं नव्हतं ना, हे नक्की बघा. त्यावरचा क्रमांक आरसीशी जुळला तर ते भंगार लोखंड गाडीच्या किमतीत फार मोठी भर घालतं. काढून ठेवलेले हबकॅप, तुटका रेडिओ, जॅक, फुटलेली टेललाइटची काच, यातलंही काही फेकू नका.

आणि कृपा करून, पाहुणा आला म्हणून ‘चालू करून दाखवतो’ म्हणू नका. पंधरा-वीस वर्षं उभ्या इंजिनाला सेल्फ मारला की गंजलेल्या रिंगा सिलिंडर ओरबाडतात आणि अडकलेल्या व्हॉल्व्हचंही नुकसान होतं. या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्ये असतात आणि ते नुसतं उभं राहून चिकटणं नेहमीचंच. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं तेल सोडा, आठवडाभर थांबा, मग पुढच्या पुलीवर पाना लावून हाताने फिरतंय का बघा. फिरलं तर ‘इंजिन हाताने फिरतं’ एवढंच लिहा. यापुढची पायरी घेणाऱ्याच्या मिस्त्रीची.

त्यातूनही घरातला कुणी उत्साही भाचा ऐकणारच नसेल तर त्याला तीन गोष्टी बजावून सांगा. त्या काळच्या प्लायमाउथ-डॉजला सहा व्होल्टची बॅटरी असते आणि तिचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजच्या गाडीवरून केबल लावली तर वायरिंग जळेल. दुसरं, डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात. पंक्चरवाला नेहमीच्या दिशेने जोर लावतो आणि बोल्ट तुटून त्याच्या हातात येतो. तिसरं, मागचे ब्रेक ड्रम पुलर लावल्याशिवाय निघत नाहीत. हातोडा मारला की ड्रमही जातो आणि आतलं बेअरिंगही.

एक भाग असा आहे की तो दिसत नाही, पण जाणकार त्याबद्दल विचारणारच. ब्लॉकच्या आत पाण्याच्या पंपामागे पत्र्याची एक लांब नळी असते, ती मागच्या सिलिंडरांपर्यंत थंड पाणी पोचवते. आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ती कुजते आणि मग मागचे दोन सिलिंडर तापतात. ती कधी बदलली असेल आणि पावती असेल तर ती फाइलमध्ये वर ठेवा.

पेट्रोलबद्दल मांजरीकरांना वेगळं सांगायला नको. उसापासून इथेनॉल काढण्याच्या कामात जिचा मोठा वाटा आहे ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, १९७५ साली साखर कारखान्यांनी उभी केलेली, याच गावात आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शेतकऱ्याला ते फायद्याचं असेल, १९५१ च्या गाडीला नाही. गाडीतल्या इंधनपंपाचा जुना रबरी पडदा, नळ्या आणि बुचाचे गॅस्केट यांना ते मानवत नाही, आणि टाकीत साचलेला राळेसारखा थर सुटून थेट कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतो. टाकीत नवं पेट्रोल ओतून ठेवू नका. जुनं असेल ते काढून टाकी कोरडी ठेवा. शिशाविना पेट्रोलची धास्ती मात्र या इंजिनाला घ्यायचं कारण नाही; त्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका मुळातच कडक धातूच्या आहेत.

हे सगळं जमलं की जाहिरात लिहायला बसा. बहुतेक जाहिराती ‘राजेशाही गाडी, एकदम टकाटक, फक्त शौकिनांनी फोन करावा’ अशा असतात आणि त्यातून काहीच कळत नाही. नमुना म्हणून अशी लिहिता येईल:

‘प्लायमाउथ, चार दारी, १९५१. कुर्ल्याला जोडलेली, उजव्या हाताचं स्टिअरिंग. १९६३ पासून एकाच घरात. मूळ आरसी बुक आहे, चेसी व इंजिनाचे क्रमांक जुळतात, नोंदणीची मुदत संपलेली. वारसाची नोंद झालेली. सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, हाताने फिरतं, चालू केलेलं नाही. बाहेरून एकदा रंगवलेली, दारांच्या आत मूळ हिरवा रंग. डाव्या मागच्या मडगार्डला लांबी, डिकीच्या तळाला दोन जागी गंजून भोकं. पुढची सीट नव्याने शिवलेली, मागची मूळ. रेडिओ आहे, चालत नाही. डाव्या टेललाइटची काच नाही. विमा, कर व दुरुस्तीचे कागद १९६३ ते १९९१. सर्व फोटो दिवसाउजेडी काढलेले, मागितल्यास पाठवू.’

दोष लिहिले की गिऱ्हाईक पळेल असं वाटतं. प्रत्यक्षात नुसते चौकशीवाले पळतात. मुंबई, कोल्हापूर किंवा हैदराबादहून येणारा खरा गिऱ्हाईक अशा यादीवर विश्वास ठेवून तिकीट काढतो, कारण त्याला बघायला येण्याआधीच गाडी कळलेली असते. फोटोतही हेच धोरण ठेवा. समोरून एक झोकदार फोटो पुरे. बाकीचे गाडीखालचे, चेसीचे, गालिचा उचलून दाखवलेल्या तळाचे, डॅशबोर्डच्या मागच्या वायरींचे काढा.

किमतीबद्दल एवढंच सांगतो, की वर्तमानपत्रात वाचलेले आकडे डोक्यातून काढा. ते बहुधा उघड्या टपाच्या किंवा संस्थानिकांच्या गाड्यांचे असतात. चार दरवाजांच्या कौटुंबिक सेदानला तेवढा भाव जगात कुठेच मिळत नाही. मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थेतल्या कुणा जाणत्याला गाडी दाखवा, फी घेत असेल तर द्या, आणि ज्याला स्वतःला ती विकत घ्यायची आहे त्याचा अंदाज मात्र धरू नका. दलाल ‘मी विकून देतो, आरसी माझ्याकडे ठेवा’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. प्रती द्या, तीही आडवी रेघ मारून, कशासाठी दिली ते लिहून.

सौदा ठरला की पैसे बँकेतून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना तारीख आणि घेणाऱ्याचं नाव रिकामं सोडू नका. कोऱ्या सह्यांच्या फॉर्मवर गाडी तीन हात फिरते आणि कागदावर मालक तुम्हीच राहता. घेणारा महाराष्ट्रातलाच असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, परराज्यातला असेल तर पंचेचाळीस दिवसांत, आणि त्यासाठी फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला लागतो. पोचपावतीची प्रत स्वतःकडे ठेवा. फाइल देण्याआधी तिचं प्रत्येक पान स्कॅन करा, फोटोसुद्धा.

गाडी नेताना टोइंगची साखळी लावून सोलापूर रस्त्याने ओढत न्यायला परवानगी देऊ नका, गिऱ्हाईक कितीही घाईत असला तरी. जाम झालेले ब्रेक, वाळलेले टायर आणि न फिरणारा गिअरबॉक्स यांच्यासकट ती पंधरा नंबरच्या चौकापर्यंतही धड पोचणार नाही. फ्लॅटबेड ट्रक मागवायला सांगा. विंचचा हुक बंपरला लावू देऊ नका, तो क्रोमचा पत्रा आहे, वाकतो. चेसीच्या पुढच्या आडव्या दांड्याला पट्टा घालायचा आणि चारही चाकं पट्ट्यांनी बांधायची. ट्रक निघण्याआधी ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून दोघांनी सह्या करायच्या, कारण त्या क्षणानंतर रस्त्यात जे होईल त्याची जबाबदारी कुणाची हे पोलीस आणि विमा कंपनी दोघंही त्याच कागदावरून बघतात.